नेपाळात शिकवायला जायचंय? एजन्सीचा रिव्ह्यू, आणि शाळेचाही

व्हॉलंटियर टीचर म्हणून नेपाळला कसं जायचं, खर्च किती, एकटीने सेफ आहे का, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी सांगलीची, प्रायमरीला शिकवते. पोखऱ्याच्या वरच्या डोंगरात, कास्की जिल्ह्यातल्या एका गुरुंग गावात, तिथल्या सरकारी शाळेवर शिकवून आले. गेले होते एका एजन्सीतर्फे. नाव देत नाही, कारण जायच्या आधी मी अशा बऱ्याच जणांची पॅकेजेस बघितली होती आणि सगळ्यांचा साचा एकच होता. मार्क द्यायचे तर गावाला आणि शाळेला पाचपैकी पाच, एजन्सीला दोन. ते दोन एवढ्यासाठी की एअरपोर्टवर वेळेत न्यायला आले आणि राहायला घर खरंच चांगलं शोधून दिलं.

आधी पैशांचं बोलू. फी घसघशीत होती, प्लेसमेंट, ओरिएंटेशन, राहणं, जेवण, शाळेला मदत सगळं धरून एकच आकडा, आणि यातलं कशाला किती असं विचारलं की ईमेलमध्ये गोलगोल उत्तर. गावात राहायला लागल्यावर हळूहळू कळत गेलं. ज्या आमांच्या घरी मी राहिले, आमा म्हणजे आई, त्यांच्या हातात पडणारे पैसे माझ्या फीच्या मानाने फारच थोडे होते, आणि शाळेला काय मिळालं असं हेडसरांना विचारलं तर वह्या-पेन्सिलींचा एक खोका. मला याचा तेव्हा राग आला आणि अजूनही येतो, कारण त्याच शाळेत एक शिक्षिका 'निजी स्रोत'वर होत्या. तिकडच्या सरकारी शाळेत स्थायी शिक्षक असतात, करारावरचे असतात, राहत कोट्यातले म्हणजे सरकारच्या तात्पुरत्या अनुदानावरचे असतात आणि मग हे निजी स्रोतवाले, म्हणजे सरकारने पद दिलं नाही म्हणून शाळेने स्वतः पैसे जमवून ठेवलेले, पगार कमी आणि पुढच्या वर्षी असू की नाही याची खात्री नाही. माझ्या फीमध्ये त्या मिसचा कितीतरी महिन्यांचा पगार निघाला असता! फी भरणाऱ्या प्रत्येकाला हे आधी माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ओरिएंटेशन म्हणजे ठमेलमधल्या, काठमांडूच्या टुरिस्ट भागातल्या, एका हॉटेलात एक दुपार. उष्टं कुणाला द्यायचं नाही, चपला बाहेर काढायच्या, अंगभर कपडे घालायचे, आपल्याला यातलं काही नवीन नाही पण बरोबरच्या युरोपातून आलेल्या पोरांना ते गरजेचं होतं. शिकवण्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणी पोलिस व्हेरिफिकेशन मागितलं नाही, मी आधी जिथे शिकवलं तिथे एक फोन करून चौकशी केली नाही. आपल्याकडे शाळेच्या व्हॅनला ड्रायव्हर ठेवताना कागदपत्रं बघतात, आणि इथे लहान मुलांच्या वर्गात कोण कुठला परका माणूस जातोय याची कुणाला फिकीर नाही.

व्हिसाचं पण सांगते. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही, विमानाने जाताना पासपोर्ट किंवा इलेक्शन कार्ड चालतं, १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार चालत नाही हे लक्षात ठेवा. पण बाकी देशांतली मुलं टुरिस्ट व्हिसावर आलेली, आणि टुरिस्ट व्हिसावर तिकडे कुठलंच काम करता येत नाही, बिनपगारी पण नाही. एजन्सीने त्यांना सांगून ठेवलेलं की कुणी विचारलं तर फिरायला आलोय म्हणा. पकडले गेले तर निस्तरायचं त्या पोरांनीच.

आता शाळा. सकाळी चहा, नऊच्या सुमारास पोटभर डाळ-भात-तरकारी, दहाला शाळा, मधे खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं, चारला सुट्टी. शुक्रवारी अर्धा दिवस आणि त्यात पण नाच, गाणी, हाजिरीजवाफ म्हणजे क्विझ, शनिवारी सुट्टी असायची आणि रविवारी परत शाळा. वर्ग छोटे, कारण गावच रिकामं होत चाललंय. वडील कतारला, मलेशियाला, नाहीतर सौदीला, काही जणांचे आपल्याच गोरखा पलटणीत, आणि ज्यांना परवडतं ते पोखऱ्यात खोली करून मुलांना 'बोर्डिंग'ला घालतात, बोर्डिंग म्हणजे तिकडे खासगी इंग्लिश मीडियम, हॉस्टेल असो नसो. मग पटसंख्या टिकवायला सरकारी शाळा पण इंग्लिश मीडियम करतात. पुस्तकं इंग्लिशमध्ये येतात, शिकवणाऱ्याला जड आणि मुलांना त्याहून जड. आपल्याकडे सेमी-इंग्लिशच्या नावाखाली काय काय चालतं ते बघितलेल्या कुठल्याही बाईंना हे दोन दिवसांत कळेल.

तिसरीतली एक मुलगी इंग्लिशचा धडा घडाघडा वाचायची, ओळीखाली बोट ठेवून, कुठे अडखळणं नाही. मी तिचं बोट उचलून मधल्याच एका शब्दावर ठेवलं तर गप्प. मग तिने पहिल्या ओळीपासून पुटपुटत परत सुरुवात केली आणि त्या शब्दापाशी पोचल्यावर बरोबर म्हणाली. अख्खा धडा पाठ होता, वाचता एकही शब्द येत नव्हता. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं तशीच. पण हीच मुलं नेपाळी छान वाचतात, आणि लिपी आपलीच. म्हणून मी दुकानातून वायवायचे रिकामे खोके आणले, वायवाय म्हणजे तिकडचं मॅगी, पोरं पाकिटातच चुरून वर मसाला टाकून कच्चं खातात. त्या खोक्यांचे पुठ्ठे कापून एका बाजूला इंग्लिश अक्षर आणि मागे त्याचा आवाज देवनागरीत लिहिला, एमच्या मागे म, एसच्या मागे स, टीच्या मागे ट. अक्षराचं नाव नंतर, आधी आवाज. आपण जशी ॲची मात्रा देतो तशी ते देत नाहीत, बॅगला ब्याग आणि कॅटला क्याट लिहितात, मग मी पण तसंच लिहायला लागले आणि गाडी सुरू झाली. तीन कार्डं शेजारी ठेवून क्याट जुळलं की एवढा आरडाओरडा व्हायचा की शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून जायचे. मराठी किंवा हिंदी माध्यमात शिकवलेल्या माणसाचा तिकडे हा मोठा उपयोग आहे, गोऱ्या व्हॉलंटियरला हे लिहिता येणार नाही, आणि एजन्सीने मला हे एकदाही विचारलं नाही की तुम्हाला देवनागरी येते का.

त्या निजी स्रोतवाल्या मिस, त्यांचाच हा वर्ग. सुरुवातीला मी वर्गात आले की त्या उठून स्टाफरूमला जायच्या. त्यांना तशी सवयच लागलेली, आधी आलेल्या व्हॉलंटियरनी वर्ग ताब्यात घ्यायचा, गाणी-गेम घ्यायचे, मुलांबरोबर फोटो काढायचे आणि दोन आठवड्यांत निघून जायचं, मग राहिलेला पोर्शन ओढायचा मिसनी. मी हेडसरांशी बोलून टाइमटेबल असं करून घेतलं की आम्ही दोघी एकत्र वर्गात असू. त्या नेपाळीत समजावणार, मी आवाज घेणार, काही दिवसांनी त्यांनी आवाज घ्यायला सुरुवात केली आणि मी मागच्या बाकावर कच्च्या मुलांजवळ बसायला लागले. मला विचाराल तर व्हॉलंटियरची खरी जागा तीच, मागचा बाक. कार्डं आता मिसच्या कपाटात आहेत आणि त्यांनी स्वतः पाचवीसाठी नवीन सेट केलाय, मला व्हॉट्सॲपवर मुलांच्या वाचनाच्या व्हॉइस नोट येतात. हे सगळं पंधरा दिवसांच्या पॅकेजमध्ये होत नाही हो, मुलांची नावं पाठ होईपर्यंतच ते पॅकेज संपतं.

पंधरा दिवसांचं आठवलं म्हणून सांगते, एक मुलगी दशैंच्या तोंडावर आली. दशैं-तिहार म्हणजे आपला दसरा-दिवाळी, शाळांना मोठी सुट्टी, हे नेपाळातल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं, तरी एजन्सीने तिच्याकडून शिकवण्याचे पैसे घेऊन त्याच तारखा दिल्या. बिचारी कुलूप लावलेल्या शाळेसमोर उभी! मग तिला पर्याय काय दिला, तर पोखऱ्यातलं अनाथाश्रम. ते मी हात जोडून सांगते, घेऊ नका. नेपाळातल्या अशा आश्रमांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, युनिसेफने आणि तिथल्या संस्थांनी हे वारंवार सांगितलंय. शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं गावातून आणतात कारण बघायला येणारे पाहुणे पैसे देतात. आणि दर पंधरा दिवसांनी नवीन ताई येऊन लळा लावून जाणार, त्या लेकरांचं काय होत असेल?

घराबद्दल किती लिहू. आमा पहाटे उठून चूल पेटवायच्या, मला नाचणीचा ढिंडो, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आवडतो कळल्यावर तर संध्याकाळी गुंद्रुकच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीच्या, रश्शाबरोबर ठरलेलाच. गावात आमा समूह आहे, सगळ्या बायका मिळून पाहुण्यांसमोर नाचगाणी करून पैसे जमवतात आणि त्यातून गावची पायवाट, शाळेची पाण्याची टाकी असली कामं करतात. माझी फी थेट या बायकांच्या हातात गेली असती तर मी दुप्पट आनंदाने दिली असती. एकट्या बाईला गावात भीती अजिबात वाटली नाही, गार पाणी आणि पावसाळ्यात जळवा एवढीच तयारी ठेवा.

बाकी पटापट. आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६०, हा रेट ठरलेला आहे त्यामुळे घासाघीस करू नका. घड्याळ १५ मिनिटं पुढे. काठमांडू ते पोखरा २०० किलोमीटर पण बसने अख्खा दिवस धरा, पावसात दरडी पडतात. शाळेचं वर्ष वैशाखात म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, तेव्हा जा नाहीतर तिहार झाल्यावर जा, आणि निदान दोन-तीन महिने काढता येत असतील तरच जा.

मी पुढच्या वैशाखात परत जातेय, एजन्सीशिवाय. हेडसरांशी थेट बोलणं झालंय, राहण्या-जेवणाचे पैसे आमांना, आणि शाळेला द्यायचे ते शाळेच्या खात्यावर, निजी स्रोत शिक्षकांच्या पगारासाठी. तुम्ही एजन्सीतूनच जाणार असाल तर फी भरायच्या आधी त्यांच्याकडे दोन गोष्टी मागा, शाळेच्या हेडसरांचा फोन नंबर आणि फीचा तपशील. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.