तयार मिथाइलसेल्युलोज माध्यम (100 मिली): पैसे वसूल, पण सुई नीट निवडा

बोन मॅरोच्या पेशींच्या कॉलन्या (एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके) वाढवायला लागणारं सगळं या बाटलीत आधीच मिसळलेलं असतं: मिथाइलसेल्युलोज (घट्टपणा देणारा पदार्थ), सीरम, एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी वाढवणारं संप्रेरक), बाकीची सायटोकाइन्स (पेशींना वाढीचे संदेश देणारी प्रथिनं). महाग आहे. पण जूनमधली प्लेट ऑगस्टमधल्या प्लेटशी ताडून पाहता येते, ती याच्याचमुळे.

रबाळे, महापे किंवा खारघरला मागवत असाल तर शुक्रवारी पाठवू नका म्हणून आधीच सांगा. शनिवार-रविवार खोकं गोदामात पडलं की ड्राय आइस उडून जातो. बाटली दगडासारखी गोठलेली असेल तरच सही करा.

रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा, जोरात हलवा, 3 मिलीच्या नळ्या भरा आणि लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या परत उणे 20 ला. पुन्हा पुन्हा वितळवणं-गोठवणं नको. माध्यम पाकासारखं घट्ट असतं. पिपेटने घेतलं तर निम्मं काचेलाच चिकटून राहतं आणि मोजणी खोटी पडते. 16 गेजची बोथट सुई आणि 3 मिलीची सिरिंजच हवी. ही सुई बाटलीसोबत येत नाही, त्याचा एक तारा कापला.

दर मिलीला 2 लाख मोनोन्यूक्लियर (एकाच गोल केंद्रकाच्या) पेशी असलेलं द्रावण एका नळीत 0.3 मिली घाला, व्होर्टेक्स करा (यंत्रावर गरगर हलवा), बुडबुडे वर येईपर्यंत पाचेक मिनिटं थांबा. मग 35 मिमीच्या दोन प्लेटांत 1.1 मिलीप्रमाणे, प्रत्येकीत साधारण 20 हजार पेशी पडतात. शेजारी निर्जंतुक पाण्याची उघडी प्लेट ठेवाच. बाहेर ठाण्याचा पाऊस कोसळत असला तरी इन्क्युबेटरच्या आत हवा कोरडी असू शकते, आणि जेल कडेने वाळलं की तिथे कॉलनी धरत नाही. पावसाळ्यात बुरशी बहुतेकदा इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमधूनच येते. ट्रे आठवड्याला धुवा.

चौदाव्या दिवशी मोजा. अप्लास्टिक ॲनिमियात (मज्जा पुरेशा रक्तपेशी बनवत नाही तो आजार) प्लेट जवळजवळ रिकामी दिसते. पॉलिसायथेमिया व्हेराच्या (लाल पेशी जास्त बनण्याचा आजार) पेशी एरिथ्रोपोएटिनशिवायही लाल कॉलन्या देतात, हे 1974 पासून माहीत आहे. त्यासाठी एरिथ्रोपोएटिन नसलेली बाटली वेगळी घ्यावी लागते. निदानापुरतं मात्र आता जेएके2 जनुकाची तपासणी सोपी पडते. डब्ल्यूएचओने 2016 मध्ये ही कॉलनी-चाचणी निकषांतून काढली.

ल्युकेमियात जपून. ब्लास्ट (कर्करोगी, अपरिपक्व) पेशी बऱ्याचदा वाढतच नाहीत, आणि प्लेटवर उरल्यासुरल्या निरोगी पेशींच्या कॉलन्या डौलात उभ्या राहतात. कॉलनी उचलून तिचा डीएनए तपासल्याशिवाय ती कोणाची, हे सांगू नये.

पाचपैकी चार तारे.