एमजीबीला मायक्रोस्क्वर्ट : एक पावसाळा नि एक हिवाळा वापरून झाल्यावर

मायक्रोस्क्वर्ट म्हणजे ईसीयू, इंजिनाला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारी कॉम्प्युटरची छोटी पेटी. पेटी चांगली आहे, पैसे वसूल झाले. पण "ईसीयू कुठला घेऊ?" असं विचारणाऱ्याला माझा उलट प्रश्न असतो, "गाडीची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट, कशी आहे?" या कामात पेटीचा वाटा लहान आहे. खर्चात लहान, मेहनतीत तर त्याहून लहान. बाकी सगळं वायरिंग.

गाडी 1969 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. 1798 सीसीचं बी-सिरीज इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, पॉइंट-कंडेन्सरचं जुन्या पद्धतीचं इग्निशन. कोल्हापुरात जुन्या गाडीचा मान मोठा. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी निघते तेव्हा माणसं तिच्याकडेही मान वळवून बघतात. त्यामुळे "असल्या गाडीत कॉम्प्युटर घालायचा म्हणजे काय?" हे मला भेटेल त्याने सुनावलं. माझं कारण एकच होतं, ई20.

आता पंपावर सहसा वीस टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल मिळतं, तेच ई20. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच ऊसपट्ट्यातलं, म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही! पण हिशेब बघा. पूर्ण जळायला पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, निव्वळ इथेनॉलला 9 पट आणि ई20 ला साडेतेरा पटीच्या आसपास. एसयूमध्ये पेट्रोलचं प्रमाण ठरवते एक निमुळती सुई, ती घासून बनवली निव्वळ पेट्रोलसाठी. तीच सुई ठेवली तर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, इंधन कमी), गाडी चढाला मिस मारते आणि तापते. सुई बदलून भागतं, नाही असं नाही. मी तेही करून बघितलं होतं. पण मार्चच्या उन्हात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळायचं आणि मग सेल्फ मारत बसा. सुई बदलून ते थांबत नाही.

मायक्रोस्क्वर्ट हे मेगास्क्वर्टचं धाकटं भावंड. बोलिंग आणि ग्रिपो या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी 2001 च्या सुमारास मेगास्क्वर्ट सुरू केलं, हाताने सोल्डर करायचं किट म्हणून. मायक्रोस्क्वर्ट तयार आणि बंद पेटीत येतं. इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, चालवायला दोन चॅनेल, इग्निशनला दोन चॅनेल, बस्स. चार सिलिंडरच्या इंजिनाला हे अपुरं वाटेल. एमजीबीला मात्र नेमकं बसतं, कारण या हेडला इनटेकची भोकंच दोन आहेत. पहिला-दुसरा सिलिंडर एका भोकातून श्वास घेतात, तिसरा-चौथा दुसऱ्यातून. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, म्हणजे एका भोकातले दोघं पाठोपाठ ओढतात आणि मग बराच वेळ कुणीच ओढत नाही. इंजेक्टर अगदी भोकाच्या तोंडाशी लावला तर पहिल्या ओढणाऱ्याला एक मिश्रण मिळतं, दुसऱ्याला वेगळं. म्हणून मी इंजेक्टर लांब ठेवले. एसयूंच्या जागी जुन्याच मॅनिफोल्डवर दोन थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणाऱ्या झडपा), प्रत्येकीत एकेक इंजेक्टर, मिनिटाला साडेतीनशे सीसीच्या आसपासचा. मिश्रण कार्बोरेटरसारखंच वाटेत मिसळत जातं. सिलिंडरागणिक इंजेक्टर लावून जी नेमकी मात्रा देता येते ती इथे नाही, पण चारही प्लगचा रंग सारखा येतो, म्हणजे जळण सगळीकडे सारखं.

थ्रॉटल बॉडी उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, मशीन करून घेतल्या. क्रँकशाफ्टवर बसणारं ट्रिगर व्हीलही तिथलंच. छत्तीस दातांची चकती, त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला. लेझर कटिंगवाला पोरगा माल देताना ओशाळून म्हणाला, "सायब, एक दात उडालाय बघा, दुसरं काढून देऊ का?" त्याला समजावलं, बाबा, सेन्सर दात मोजतो आणि त्या रिकाम्या जागेवरूनच पेटीला कळतं क्रँक कुठे आहे. पटलं त्याला, तरी पैसे घेताना चकतीकडे संशयानेच बघत होता.

आता वायरिंग. हे काम ट्रॅक्टर-जेसीबीच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) हात बसलेल्या एका मामांनी केलं, माझी फक्त लुडबुड. पहिला निर्णय त्यांचाच : गाडीच्या जुन्या वायरिंगला हात लावायचा नाही. पन्नास वर्षांत कुणी कुणी त्यात जोड मारलेत याचा पत्ता लागत नाही आणि सगळ्या गाडीला फ्यूज मोजकेच. पेटीचं हार्नेस पूर्ण वेगळं ओढलं. मेन रिलेला सप्लाय थेट बॅटरीवरून. इग्निशनच्या चावीची वायर फक्त तो रिले ओढते. पंप, इंजेक्टर आणि कॉइल यांना आपापला फ्यूज.

एमजीबीची बॅटरी सीटच्या मागे असते. तिथून स्टार्टरपर्यंत लांबलचक केबल, आणि परतीचा करंट बॉडीतून. इंजिन बसलंय रबराच्या माउंटवर, म्हणजे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी एकच विणलेली पट्टी. ती पट्टी कुजलेली असेल तर सेल्फ मारताना करंट वाट शोधत चोकच्या केबलमधूनसुद्धा जातो. पॉइंटच्या गाडीला याचं काही वाटत नाही. ईसीयूला वाटतं. अर्थच वर-खाली झाली तर सेन्सरचं माप कशाच्या आधारावर धरणार? मामांनी नवी जाड पट्टी टाकली आणि सेल्फ मारत असताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर धरला. पाव व्होल्टच्या आत येईपर्यंत बोल्ट खरवडत राहिले. पेटीच्या पॉवर अर्थ सगळ्या ब्लॉकवर एकाच बोल्टला. सेन्सरच्या अर्थ मात्र ब्लॉकवर नाहीत, त्या परत पेटीतच. क्रँक सेन्सरची वायर शील्डवाली, शील्ड फक्त पेटीच्या टोकाला जोडलेलं, दुसरं टोक मोकळं. प्लगच्या लीड रेझिस्टन्सवाल्या. नुसत्या तांब्याच्या लीड लावल्या तर त्यांचा गोंगाट सेन्सरच्या वायरीत घुसतो आणि पेटीला दात मोजताच येत नाहीत.

तुमची गाडी 1967 च्या शेवटी आलेल्या एमजीबी मार्क टूच्या आधीची असेल तर ती पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. आधी ती उलटी करून घ्या, मग बाकीचं.

पेट्रोलच्या लाइनीवर कंजुषी नको. जुन्या पंपाचा दाब दोन-तीन पीएसआय, इंजेक्शनला 3 बार म्हणजे 43 पीएसआय लागतो. इथेनॉल आणि इंजेक्शनचा दाब दोन्ही सोसणारी होज घ्या, परतीची लाइन टाका. इंजिन फिरायचं थांबलं की पेटी पंप बंद करते. अपघातात ही गोष्ट कार्बोरेटरपेक्षा किती बरी, ते सांगायला नको.

वापराचं सांगायचं तर सकाळी चोक ओढणं संपलं. उन्हात तापलेली गाडी लगेच सुरू होते. पन्हाळ्याला वाघबीळवरून चढताना तिसऱ्या गिअरमध्ये खालून ओढते, पूर्वी दुसरा टाकावा लागायचा. श्रेय मी इंजेक्शनपेक्षा टायमिंगला, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेला देईन. डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन वजनं आणि एक व्हॅक्यूमचा डबा, त्यांना जमेल तेवढंच ते करतात. पेटीतल्या तक्त्यात प्रत्येक आरपीएम आणि लोडला वेगळं टायमिंग देता येतं. कागदावर या इंजिनाची ताकद 95 अश्वशक्ती. ती वाढली असं मी म्हणणार नाही. आहे ती हाताला लागते.

आजऱ्यामार्गे आंबोलीला ऐन पावसात नेली. हेडलाइट, वायपर, पंखा सगळं चालू, गाडी आयडलवर, व्होल्टेज खाली. व्होल्टेज उतरलं की इंजेक्टर उघडायला उशीर करतो आणि पेट्रोल कमी पडतं. पेटीत याची दुरुस्ती भरायचा तक्ता असतो. तो नीट भरलेला असला की असल्या रात्री गाडी थरथरत नाही. ॲव्हरेज थोडं सुधारलं, पण त्यासाठी हा खटाटोप कुणी करू नये.

न आवडलेलं : पेटीत मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) नाही, बाहेरून लावावा लागतो. या इंजिनाच्या दोन भोकांमुळे आयडलला त्याचं माप नाचतं, म्हणून दोन्ही नळ्या एका छोट्या डबीत आणून मग सेन्सरला दिल्या. आयडलला हवा कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह मी घातलेला नाही, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी मिनिटभर पाय ॲक्सिलरेटरवर ठेवावा लागतो. मूळ टॅकोमीटर कॉइलचा करंट बघून चालतो, तो या कॉइलवर चालेना. आतला बोर्ड बदलला, तबकडी तीच. पंपाची घूं ऐकू येते, छप्पर उघडं असेल तर नाही.

मूळ अवस्थेतली, शोमध्ये ठेवायची गाडी असेल तर या भानगडीत पडू नका. नुसत्या पॉइंटना कंटाळला असाल तर कार्बोरेटर राहू देत, याच पेटीवर फक्त इग्निशन चालवा. निम्म्याहून जास्त सुख तिथेच आहे. मी डिस्ट्रिब्युटर जागेवरच ठेवलाय, एसयू कपाटात आहेत. ठरवलं तर गाडी पुन्हा होती तशी होते.

लांब जाताना डिकीत एक जादा क्रँक सेन्सर, दोन रिले, फ्यूज आणि लॅपटॉपची केबल असते. गडहिंग्लजच्या पुढे पॉइंट घासून देणारा मिस्त्री मिळेल, पण हा सेन्सर मिळणार नाही.