फिनास्टेराइड: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर, केसांपेक्षा काळजीविषयी अधिक

टक्कल पडणे रोखण्यासाठी रोज फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी आणि रात्री टाळूला ५ टक्क्यांचे मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध, असे उपचार मी गेले आठ-नऊ महिने त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने घेत आहे. केसांचा अनुभव थोडक्यात सांगता येतो. पहिल्या काही आठवड्यांत केस आधीपेक्षा जास्त गळले (मिनॉक्सिडिलने असे होऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते), मग गळती कमी झाली आणि भोवऱ्याजवळची विरळ जागा भरू लागली. कपाळाचे कोपरे मात्र होते तसेच आहेत.

खरा प्रश्न होता तो दुष्परिणामांच्या भीतीचा, आणि ती भीती निराधार आहे असे मला आजही वाटत नाही. टेस्टोस्टेरॉनचे डीएचटीमध्ये (केसांची मुळे आकसवणाऱ्या पुरुषी संप्रेरकामध्ये) रूपांतर करणारे विकर हे औषध रोखते आणि रक्तातील डीएचटी साधारण दोन तृतीयांशाने घटवते. तेव्हा कामेच्छा किंवा ताठरता कमी होईल का, ही शंका रास्तच आहे. मंजुरीपूर्वीच्या चाचण्यांत अशा लैंगिक तक्रारी औषध घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के आणि नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्के पुरुषांत आढळल्या होत्या. यातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटला, कारण त्या पुरुषांच्या पोटात औषध गेलेलेच नव्हते. प्रोस्टेटसाठी याच औषधाची ५ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांवरील २००७ च्या एका अभ्यासात, लैंगिक दुष्परिणामांची आगाऊ कल्पना दिलेल्या गटात तक्रारींचे प्रमाण ४३.६ टक्के, तर न दिलेल्या गटात १५.३ टक्के होते.

म्हणून गोळी सुरू करण्याच्या काही आठवडे आधीपासूनच मी दर रविवारी झोप, मनःस्थिती, इच्छा आणि सकाळची ताठरता यांची दोन-तीन ओळींत नोंद ठेवू लागलो. पुढे कामाच्या ताणाने झोप उडालेल्या एका पंधरवड्यात इच्छा अगदीच मंदावली, तेव्हा गोळी बंद करण्याच्या विचारापर्यंत मी आलो होतो. पण मागची पाने उलटून पाहिली तर औषध नसतानाच्या एका आठवड्यापुढेही 'झोप नाही, कशातच मन नाही' असेच लिहिलेले सापडले. डॉक्टरांशी बोलून गोळी चालू ठेवली आणि झोप सुधारली तशी इच्छाही पूर्ववत झाली. वीर्याचे प्रमाण मात्र थोडे कमी झाले ते कमीच राहिले. हा ज्ञात परिणाम आहे, आणि माझ्या बाबतीत तो औषधाचाच असावा असे मी धरून चालतो. ज्यांना नजीकच्या काळात मूल हवे आहे त्यांनी याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे.

मनःस्थितीच्या बाबतीत मी याहून कडक राहिलो. गोळी थांबवल्यानंतरही काहींच्या लैंगिक तक्रारी टिकून राहिल्याची नोंद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये माहितीपत्रकात घ्यायला लावली, तर युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. माझ्या स्वभावात उदासपणा किंवा चिडचिड दिसली तर माझ्या विचारण्याची वाट न पाहता सांगायचे, असे मी पत्नीशी आधीच ठरवले होते. तसे झाल्यास गोळी त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन, हेही ठरलेले होते. तशी वेळ आली नाही. परंतु ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हे औषध सुरू करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आणखी काही बाबी दुकानात कोणी सांगत नाही. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान करू नये. फुटलेल्या गोळीला गर्भवती स्त्रीने हात लावू नये. आणि या औषधाने पीएसए या प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीचा आकडा सुमारे निम्म्यावर येत असल्याने, तपासणी करणाऱ्याला गोळीविषयी अवश्य सांगावे.

औषध सोडल्यास मिळालेला लाभ साधारण वर्षभरात ओसरतो, त्यामुळे हा निर्णय दीर्घकाळाचा आहे. गोळी एक दिवसाआड घेऊन भागेल का, हे मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारणार आहे. तोपर्यंत मात्रा आहे तीच आणि रविवारची नोंदही चालूच.