हॅवलॉक एका दिवसात की मुक्कामाने? अंदमानचं पॅकेज ठरवणाऱ्या इंदूरकरांसाठी

अंदमानला जायचं ठरलं की इंदुरातला एजंट साधारण दोन प्रकारचे कागद पुढे ठेवतो. एकात सगळे मुक्काम पोर्ट ब्लेअरला आणि मधल्या एका दिवशी ‘हॅवलॉक डे ट्रिप, गाइडसह’. दुसऱ्यात हॅवलॉक बेटावर एक-दोन रात्री राहायचं. पहिला स्वस्त दिसतो, बॅगा हलवाव्या लागत नाहीत, घरातल्या मोठ्या माणसांनाही तोच सोयीचा पडेल असं वाटतं. त्यामुळे आपल्याकडची बरीच कुटुंबं तो उचलतात. आम्ही दोन्ही प्रकारांनी जाऊन आलोय. आधी सासूबाई आणि मुलांसह गाइडवाली एका दिवसाची सहल झाली, पुढे कधीतरी मुक्कामाने गेलो. माझं मत स्पष्ट आहे: हॅवलॉकला रात्र काढणं जमत नसेल तर हॅवलॉक यादीतून काढून टाका आणि तो दिवस रॉस बेटाला नि सेल्युलर जेलला द्या.

नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून आधीच सांगते. २०१८ च्या अखेरीपासून हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं. जुनी नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत, मीही इथे तीच लिहिते.

दिवस जातो कुठे

कागदावर लिहिलेलं असतं ‘पूर्ण दिवस हॅवलॉक’. त्या पूर्ण दिवसाचं काय होतं ते बघा. बोट सुटण्याच्या तासभर आधी जेट्टीवर हजर राहायचं, ओळखपत्रं दाखवायची, सामान तपासून घ्यायचं. खासगी बोटीला दीड ते दोन तास लागतात, सरकारी बोटीला अडीचच्या आसपास. उतरल्यावर गर्दीतून वाट काढत आपली गाडी शोधायची. ज्याच्यासाठी एवढं केलं तो राधानगरचा किनारा जेट्टीपासून साधारण बारा किलोमीटर. परत येताना हेच सगळं उलट क्रमाने, आणि जेट्टीवर पुन्हा वेळेआधी रांग.

त्यात अंदमानचा सूर्य आपल्या सवयीचा नाही. बेटं पार पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. डिसेंबरात इंदुरात पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो, तिथे पाचलाच. नोव्हेंबरात तर पाच वाजायच्या आधीच सूर्य बुडतो. उलट सकाळी साडेपाच-पावणेसहाला लख्ख उजेड. रात्री नऊनंतर जागा होणाऱ्या सराफ्यातल्या खाऊबाजाराची सवय असलेल्या माणसांना हे पचायला जरा जड जातं, पण तिथला दिवस खरोखर पहाटे सुरू होतो आणि चहाच्या वेळेला संपतो.

आता राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. २००४ मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं मानांकन मिळालं, आणि फोटोत आपण बघतो ती सोनेरी वाळू संध्याकाळची असते. एका दिवसाच्या सहलीतल्या माणसांना नेमकी तीच संध्याकाळ मिळत नाही, कारण परतीच्या बोटी सूर्यास्ताच्या आधी सुटतात. हे कुठलाही एजंट आपणहून सांगत नाही. माझा खरा राग यावर आहे. ज्या फोटोवर पॅकेज विकलं जातं, ते दृश्य त्या पॅकेजमध्ये असूच शकत नाही.

आम्हाला राधानगर मिळालं ते भर दुपारी. ऊन डोक्यावर, वाळू चटके देणारी. गाइडने गाडीतच जाहीर केलं, “पैंतालीस मिनट, उसके बाद गाडी किसी के लिए नहीं रुकेगी.” त्यातला निम्मा वेळ बायकांच्या चेंजिंग रूमच्या रांगेत गेला. सासूबाई झाडांच्या सावलीतून बाहेर पडून, साडीचा काठ उचलून पाण्यापर्यंत पोहोचल्या, घोट्यापर्यंत पाणी आलं आणि मागून शिटी वाजली. “आई, राहू द्या, फोटो तरी काढू,” असं मी म्हणाले, तर त्या म्हणाल्या, “फोटो नको गं. दोन मिनिटं उभी राहते.” शिटी परत वाजली. सत्तरीच्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात पाय घातलेत आणि कुणी तिला शिटी मारून बोलावतंय, याचं मला आजही वाईट वाटतं.

एलिफंट बीचचंही तसंच. हॅवलॉकच्या जेट्टीवरून तिथे छोट्या बोटीने जावं लागतं, म्हणजे पुन्हा टोकन, पुन्हा रांग, पुन्हा लाइफ जॅकेट. ‘स्नॉर्कलिंग समाविष्ट’ याचा अर्थ एवढाच निघाला की एकाच रिंगला धरून तीन-चार जणांना पाण्यात ओढत नेलं आणि पोरांना मास्कमधून नीट श्वास घेता येऊ लागेपर्यंत परत आणलं. जास्त वेळ हवा तर वेगळे पैसे. शिवाय किनाऱ्याजवळचं प्रवाळ सगळीकडे रंगीत असेल अशी अपेक्षा धरू नका. २००४ च्या त्सुनामीने इथल्या प्रवाळाचं नुकसान केलं, २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापून बराच भाग पांढरा पडला. मासे मात्र भरपूर दिसतात, आणि शांतपणे तरंगायला वेळ मिळाला तर मुलं त्यातच रमतात.

तोच किनारा, मुक्कामाने

मुक्कामाने गेलो तेव्हा राधानगरला दुपारी चारच्या सुमारास पोहोचलो. दिवसाच्या सहलींच्या गाड्या तोवर जेट्टीकडे गेलेल्या, किनारा मोकळा झालेला. ओहोटीने ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडला होता, त्यात आकाश दिसत होतं. मुलीने आधीच्या वेळी गाइडला विचारलेला प्रश्न, म्हणजे किनाऱ्यालगतची ही उंच झाडं कसली, तो नारळपाणीवाल्याला विचारला. “समुद्री महुआ,” तो म्हणाला. आपल्या माळव्या-निमाडातल्या मोहाच्याच कुळातलं, म्हणजे चिकूच्याही कुळातलं हे झाड. गाइडला मात्र डोकी मोजणं आणि घड्याळ बघणं यापलीकडे काही काम नव्हतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या हातात चाळीस माणसं आणि एक सुटणारी बोट आहे, तो झाडांची नावं कधी सांगणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे काळापथ्थरला गेलो. तो किनारा पूर्वेकडचा, म्हणजे सूर्योदयाचा. एलिफंट बीचला सकाळच्या पहिल्या बोटींनी जाता आलं. पोर्ट ब्लेअरहून येणारी गर्दी पोहोचायच्या आत पाण्यातून बाहेर निघालो होतो.

पैशांचं म्हणाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. हॅवलॉकच्या खर्चातला मोठा भाग बोटीच्या तिकिटाचा असतो, आणि त्याच संध्याकाळी परता की दोन दिवसांनी, जाण्यायेण्याची तिकिटं तेवढीच लागतात. मुक्कामात वाढतं ते खोलीचं भाडं, आणि तेवढ्याच रात्रीची पोर्ट ब्लेअरची खोली वाचते. एजंटकडून दोन्ही पर्यायांचा आकडा माणशी न घेता कुटुंबाचा एकूण घ्या आणि मग फरक बघा. बाजारात लावून ठेवलेल्या ‘डे ट्रिप’च्या दरात जेवण, एलिफंट बीचची बोट, जेट्टीचं शुल्क यातलं काय धरलंय आणि काय नाही, हेही तेव्हाच विचारा.

मोठ्या माणसांसाठी एका दिवसाची सहल सोपी, हा समज तर मला सगळ्यात चुकीचा वाटतो. पहाटे उठणं, एकाच दिवसात दोन वेळा समुद्र ओलांडणं, मध्ये उन्हात गाडीतून चढउतार. ज्यांना बोट लागते त्यांना सकाळच्या मळमळीतून सावरेपर्यंत परतीची बोट येते. मुक्कामात निदान मध्ये एक रात्रीची झोप आहे. सासूबाई दुसऱ्या वेळी नुसत्या खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसल्या होत्या, कुणी उठवायला आलं नाही.

गाइड हवा तो इथे

आता पोर्ट ब्लेअरचा दिवस. हॅवलॉक वगळणाऱ्यांना वाटतं की आपण दुय्यम काहीतरी घेतलं. मला तसं अजिबात वाटत नाही, आणि मराठी माणसाला तर वाटूच नये.

रॉस बेट बंदरापासून बोटीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. बोटी राजीव गांधी वॉटर स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सवरून सुटतात. बेट इतकं लहान आहे की अर्ध्या दिवसात निवांत बघून होतं, आणि चालवत नसेल त्यांना बॅटरीवरची गाडी मिळते. १८५८ मध्ये इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत बसवली आणि तिचा कारभार इथून हाकला. चर्च, बेकरी, चीफ कमिशनरचा बंगला, सगळं कैद्यांच्या श्रमातून उभं राहिलं. जून १९४१ च्या भूकंपाने बेट हादरलं, पुढच्याच वर्षी जपानी आले. आज त्या भिंतींना वडा-पिंपळासारख्या झाडांची मुळं इतकी कवटाळून बसली आहेत की काही ठिकाणी वीट कुठे संपते आणि मूळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. मधूनच हरणं येऊन उभी राहतात. इथे जाणकार गाइड सोबत असेल तर प्रत्येक पडक्या भिंतीमागचं माणूस दिसायला लागतं. नसेल तर पंधरा मिनिटांत सगळं सारखंच वाटायला लागतं.

सेल्युलर जेलचंही असंच. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेली, चाकाच्या आऱ्यांसारखी सात इमारतींची रचना. आज त्यातल्या तीन उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात, म्हणजे कैद्याला समोर दुसरा कैदी कधी दिसू नये. जवळपास सातशे कोठड्या, सगळ्या एकांताच्या. हे नकाशावर वाचलं तर एक माहिती असते. गाइड तुम्हाला गजांपाशी उभं करून “समोर बघा, काय दिसतंय?” असं विचारतो आणि समोर फक्त भिंत असते, तेव्हा पोटात कालवतं. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधीपासून याच तुरुंगात. त्या कोठडीपाशी सासूबाई किती वेळ उभ्या होत्या मी मोजलं नाही, पण तिथे कुणी शिटी वाजवली नाही. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम जरूर बघा. तिकीट आधीच काढून ठेवा, हिंदी खेळाची वेळ विचारून घ्या.

रॉसबरोबर बहुतेकदा नॉर्थ बे जोडून देतात, कधी व्हायपर बेटही. नॉर्थ बेचं दीपगृह जुन्या लाल वीसच्या नोटेवरच्या चित्रात आहे, तेवढं मुलांना दाखवा. बाकी तो किनारा सी वॉक, स्कूबा, काचेच्या तळाची बोट यांचा बाजार आहे. पाण्यात उतरणारे नसाल तर नुसतं बसून राहावं लागतं. व्हायपरला इतिहासात रस असेल तरच जा. १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला तिथेच फाशी दिलं होतं. निवडायची मुभा असेल तर फक्त रॉस मागा.

एकाच दिवसात दुसरं बेट बघायचाच हट्ट असेल तर हॅवलॉकऐवजी नील घ्या. बेट छोटं, जेट्टी ते भरतपूर किनारा पायी जाण्यासारखा, गाडीत वेळ जात नाही. अट एकच, ओहोटीची. तिथला दगडी नैसर्गिक पूल ओहोटीतच गाठता येतो, आणि काचेच्या तळाच्या बोटींना उलट भरती लागते. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, सहलीची वेळ मात्र छापील असते. तुमच्या तारखेला ओहोटी किती वाजता आहे हे एजंटला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर भरती-ओहोटीचं कोष्टक स्वतः बघा आणि त्याप्रमाणे दिवस बदलून मागा.

सुट्ट्यांचं गणित आपल्याला फारसं अनुकूल नाही. दिवाळीत ईशान्य मोसमी पाऊस असू शकतो आणि मे संपता संपता नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमानला येऊन पोहोचतात. दोन्ही वेळा खवळलेल्या समुद्रामुळे बोटी रद्द होण्याची शक्यता असते. जानेवारी ते मार्च सगळ्यात बरं. इंदुराहून थेट विमान नसल्याने जाण्याचा आणि येण्याचा एकेक दिवस प्रवासातच धरा, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच असा. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडण्याची योजना कुणी दिली तर नाही म्हणा. मुलांच्या खिशात शंख आणि प्रवाळाचे तुकडे नाहीत ना, हे बॅगा भरतानाच बघा. प्रवाळ नेणं कायद्याने गुन्हा आहे. आणि रॉस बेट बुधवारी बंद असतं, तेव्हा पोर्ट ब्लेअरचा दिवस बुधवारी पडत असेल तर पैसे भरण्याआधीच तो बदलून घ्या.