सर्दीनंतरचा खोकला: मध, अडुळसा, ज्येष्ठमध की हळदीचे दूध?

सर्दी उतरते, नाक मोकळे होते, अंगातली कसकस जाते, पण खोकला मागे राहतो. कोल्हापुरात पावसाळा सरून गळीत हंगाम सुरू होतो त्या दिवसांत ही तक्रार घरोघरी ऐकू येते, कारण पहाटेचा गारवा, उसाचा पाला पेटवल्याचा धूर, रस्त्यावरची धूळ आणि नुकत्याच झालेल्या सर्दीने हळवा झालेला घसा ही सगळी कारणे एकाच वेळी जुळून येतात. मग आजी मध चाटायला सांगते, शेजारच्या काकू अडुळशाची पाने आणून देतात, आणि रात्री कोणीतरी हळदीच्या दुधाचा पेला हातात ठेवते. हे सारे आपुलकीने सुचवलेले असते. तरीही या उपायांमागचा आधार सारखा नाही, आणि प्रत्येक उपाय घरातल्या प्रत्येकाला चालतो असेही नाही. म्हणून निवड करण्यापूर्वी त्यांची एकमेकांशी तुलना करून पाहणे आवश्यक वाटते.

सर्दीच्या विषाणूमुळे श्वसनमार्गाच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि तिथल्या मज्जातंतूंची टोके हळवी होतात. विषाणू गेल्यानंतरही हे हळवेपण काही आठवडे टिकू शकते, त्यामुळे थंड हवा, धूर, फोडणीचा ठसका किंवा मोठ्याने बोलणे एवढ्यानेही उबळ येते. खोकल्याच्या कालावधीविषयी २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे आढळले, की खोकला सरासरी सुमारे १८ दिवस टिकतो, तर लोकांची अपेक्षा तो ७ ते ९ दिवसांत थांबावा अशी असते. ही तफावत लक्षात ठेवणे फार महत्त्वाचे आहे. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस जो उपाय सुरू केला जातो, त्यालाच बरे होण्याचे श्रेय मिळते, मग खोकला आपोआप थांबण्याच्या बेतात का असेना. त्यामुळे 'आम्हाला याने गुण आला' या अनुभवाचा मान राखूनही केवळ त्यावर विसंबू नये असे मला वाटते.

तुलना करताना पहिला प्रश्न असा, की खोकला कोरडा आहे की कफाचा. घशात खवखव होऊन रात्री अंथरुणाला पाठ टेकताच जी ढास लागते, तिच्यासाठी घशावर मऊ आवरण धरणारा उपाय हवा असतो. छातीत घरघर होऊन चिकट कफ सुटत नसेल, तर तो पातळ करणारा उपाय उपयोगी पडतो. दुसरा प्रश्न खोकणाऱ्या व्यक्तीविषयीचा आहे: ते तान्हे बाळ आहे, गरोदर स्त्री आहे, की रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे रुग्ण आहेत?

या सगळ्या उपायांत सर्वांत भक्कम पुरावा मधाच्या बाजूने आहे. २००७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात २ ते १८ वर्षे वयाच्या १०५ मुलांवर एक अभ्यास झाला. काहींना झोपण्यापूर्वी अर्धा तास मध दिला गेला, काहींना मधाच्या चवीचे डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकल्याचे नेहमीचे औषध दिले गेले, आणि काहींना काहीच दिले नाही. पालकांच्या नोंदींनुसार मध घेतलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला सर्वांत कमी झाला, आणि काहीही न देण्यापेक्षा मध निश्चितच सरस ठरला. २०१२ साली इस्राएलमध्ये १ ते ५ वर्षांच्या ३०० मुलांवर झालेल्या अभ्यासात एका रात्री १० ग्रॅम मध आणि तितकाच खजुराचा पाक यांची तुलना केली गेली, आणि तिथेही मधाचा परिणाम अधिक दिसला. खजुराचा पाकही गोड आणि दाटच असतो, त्यामुळे मधाचा गुण केवळ गोडव्यामुळे येत नसावा असे मानायला जागा मिळते. मात्र हे अभ्यास मुख्यतः मुलांवरचे आणि थोड्या दिवसांचे आहेत. मोठ्यांविषयीची माहिती त्या मानाने तुटपुंजी आहे, पण घशाची रचना तीच असल्याने त्यांनीही वापरून पाहायला हरकत नाही. इंग्लंडमधील 'नाइस' या संस्थेने २०१९ साली खोकल्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही एक वर्षावरील व्यक्तींसाठी मधाचा उल्लेख आहे.

मात्रा साधी आहे: रात्री झोपण्यापूर्वी चहाचा एक ते दीड चमचा मध सावकाश चाटावा आणि त्यानंतर लगेच पाणी पिऊ नये, म्हणजे तो घशाला लागून राहतो. उकळत्या चहात किंवा काढ्यात मध घालू नये. आयुर्वेदाने तापवलेला मध वर्ज्य मानला आहे, आणि कोमट पेयात घातल्याने काही बिघडत नाही. मध कुठून घ्यावा या प्रश्नाला आपल्या जिल्ह्यात चांगले उत्तर आहे, कारण भुदरगड तालुक्यातील पाटगाव 'मधाचे गाव' म्हणून ओळखले जाते. थंडीत मध तळाशी रवाळ झाला म्हणून तो भेसळीचा ठरत नाही, अस्सल मधही थिजतो.

एका बाबतीत मात्र कोणतीही सवलत नाही. एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटसुद्धा चाटवू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते काही करू शकत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून ते विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडू शकतात. आपल्याकडे बाळगुटी मधात उगाळून देण्याची रीत अजून अनेक घरांत आहे, म्हणून हे घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे आवश्यक आहे.

मधाला पर्याय म्हणून कोल्हापुरात गुळाचे नाव निघणे स्वाभाविकच आहे. सुंठ, गूळ आणि तूप यांची गोळी तोंडात धरल्यावर लाळ सुटते, ती गिळताना घसा ओला राहतो आणि ढास काही वेळ दबते. त्यामुळे शाळेत किंवा दुकानात बसून दिवसभर बोलावे लागणाऱ्यांना ती सोयीची आहे. परंतु गुळावर मधासारखे अभ्यास झालेले नाहीत, आणि 'गूळ नैसर्गिक आहे, साखर नव्हे' ही समजूत मधुमेहींच्या बाबतीत घातक ठरू शकते. रक्तातील साखर गुळानेही वाढते आणि मधानेही.

कफाच्या खोकल्यात अडुळशाचा विचार आधी करावा. कुंपणाला लावलेले, पांढऱ्या फुलांचे, कडू पानांचे हे झुडूप आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचे अल्कलॉइड असते, आणि त्याच्याच रचनेवरून विसाव्या शतकात ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. आज डॉक्टर वारंवार लिहून देतात ते अ‍ॅम्ब्रॉक्सॉल हेही त्याच घराण्यातले आहे. म्हणजे अडुळशामागे केवळ परंपरा आहे असे म्हणता येत नाही. तरीही खुद्द पानांच्या रसावर मोठे, काटेकोर अभ्यास फारसे झालेले नाहीत, म्हणून पुराव्याच्या दृष्टीने मी त्याला मधाच्या खालोखाल ठेवीन. कोरड्या ढासेवर त्याचा विशेष उपयोग होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

घरी रस काढायचा असेल तर पाने खात्रीने ओळखता आली पाहिजेत आणि ती रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची नसावीत. पानागणिक ताकद बदलत असल्याने मात्रा वैद्यांना विचारून ठरवणे चांगले. तयार सिरपमध्ये मात्रा नेमकी असते, पण साखर भरपूर असते, म्हणून मधुमेहींनी बिनसाखरेचे मागावे. गरोदरपणात अडुळसा पूर्णपणे टाळावा, कारण त्याने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते.

ज्येष्ठमधाचे स्थान वेगळे आहे. त्याची कांडी चघळली असता घशावर गोडसर, मऊ थर बसतो, त्यामुळे कोरड्या ढासेवर ते मधाला खरोखर जवळचे आहे. शस्त्रक्रियेत श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या दिल्यास नंतरची घसादुखी कमी होते, असे रुग्णांवरील अभ्यासांत आढळले आहे. घसा शमवण्याचा त्याचा गुण त्यावरून दिसतो. परंतु त्यातील ग्लिसिरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम कमी करते आणि रक्तदाब वाढवते. रक्तदाबाचे रुग्ण, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे आणि गरोदर स्त्रिया यांनी ते घेऊ नये. इतरांनीही काही दिवसांपुरतेच घ्यावे. 'वनस्पती आहे, अपाय कसला?' या प्रश्नाचे उत्तर ज्येष्ठमधाइतके स्पष्ट क्वचितच दुसरी कोणती वनस्पती देते.

हळदीच्या दुधाविषयी लिहिताना मन जरा कचरते, कारण त्याच्याशी बहुतेकांच्या आठवणी जोडलेल्या आहेत. शेजारच्या सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा दर्जा वादातीत आहे, पण हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते. चिमूटभर मिरपूड घातल्यास शोषण वाढते, तरीही हळदीच्या दुधाने सर्दीनंतरचा खोकला लवकर थांबतो असे दाखवणारा चांगला पुरावा नाही. गरम पेयाने घशाला जो आराम मिळतो आणि झोप लागायला जी मदत होते, तो लाभ खरा आहे. तेवढ्यासाठी ते अवश्य घ्यावे. दुधाने कफ वाढतो हा समज मात्र सोडायला हवा. १९९० साली ऑस्ट्रेलियात सर्दीचा विषाणू मुद्दाम दिलेल्या स्वयंसेवकांचा अभ्यास झाला, त्यात दूध पिण्याचा आणि नाकातून येणाऱ्या स्रावाच्या प्रमाणाचा संबंध आढळला नाही. दूध कट्ट्यावरचे धारोष्ण दूध हा कोल्हापूरकरांच्या अभिमानाचा विषय असला, तरी आजारातून उठणाऱ्या माणसाला दूध उकळूनच द्यावे, कारण कच्च्या दुधातून क्षयासह अनेक रोगांचे जंतू जाऊ शकतात.

आले, तुळस, मिरी आणि लवंग यांच्या काढ्याने छातीला ऊब मिळते. आल्यातील घटक श्वासनलिकांचे स्नायू सैल करतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे, पण रुग्णांवरचा पुरावा तोकडा आहे. दिवसातून दोनदा, सौम्य काढा घ्यायला हरकत नाही. मिरी आणि सुंठ सढळ हाताने घालून तो वारंवार प्यायल्यास पित्त खवळते, आणि घशाशी येणारे आम्ल हेच रात्रीच्या खोकल्याचे आणखी एक कारण बनते.

याच कारणासाठी 'झणझणीत तांबडा रस्सा प्या, सर्दी-खोकला पळून जाईल' हा आपल्याकडचा हमखास सल्ला खोकल्याच्या बाबतीत मला मान्य नाही. मिरचीतील कॅप्सेसिनने चोंदलेले नाक वाहू लागते हे खरे, परंतु खोकल्याचा अभ्यास करणारे संशोधक मुद्दाम उबळ आणण्यासाठी याच कॅप्सेसिनचा फवारा वापरतात. घसा हळवा असेपर्यंत कमी तिखट पांढरा रस्सा किंवा साधे अळणी सूप बरे, आणि रात्रीचे जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या स्वस्त आणि निर्धोक आहेत, त्या सर्वांनी कराव्यात. वाफेबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, आणि उकळत्या पाण्याचे पातेले सांडून मुले भाजण्याचा धोका मोठा आहे. मोठ्यांना वाफेने बरे वाटत असेल तर त्यांनी घ्यावी, लहान मुलांना देऊ नये. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ कापूर लावू नये आणि तो कोणाच्याही पोटात जाऊ देऊ नये.

सितोपलादी चूर्ण मधातून घेण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे. खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलदोडा आणि दालचिनी ही त्यातील द्रव्ये असून पारंपरिक प्रमाणात निम्म्याहून अधिक भाग खडीसाखरेचाच असतो, याची नोंद मधुमेहींनी घ्यावी.

आता निवडीकडे वळू. एक वर्षावरच्या मुलाला आणि निरोगी मोठ्या माणसाला कोरडी ढास असेल तर मी निःसंकोच मध सुचवीन. चिकट कफ असलेल्या मोठ्या माणसाला अडुळसा आणि भरपूर कोमट पाणी. मधुमेह आहे पण रक्तदाब नाही, त्यांना ज्येष्ठमधाची कांडी काही दिवस चालेल. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही असतील तर गुळण्या, साधे आल्याचे पाणी आणि मोजका मध एवढ्यावर भागवावे. गरोदर स्त्रीसाठी मध आणि गुळण्या पुरेशा आहेत. सगळे उपाय एकदम सुरू करू नयेत, कारण मग गुण कशाने आला आणि अपाय कशाने झाला हे कळायला मार्गच उरत नाही. लहान मुलांना बाजारातील कफ सिरप स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये. केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत, अशी सूचना केली आहे.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर भारतात क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी, असे राष्ट्रीय कार्यक्रमाचे धोरण आहे. सर्दीनंतरचा साधा खोकलाही इतके दिवस राहू शकतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण तपासणी टाळण्याचेही नाही. शासकीय दवाखान्यांत ती मोफत होते, आणि कोल्हापुरात त्यासाठी सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. थुंकीत रक्त दिसणे, धाप लागणे, छातीत दुखणे, पुन्हा ताप भरणे, वजन घटणे किंवा मुलाने खोकताना श्वास ओढत 'हूप' असा आवाज काढणे यांपैकी काहीही आढळल्यास दोन आठवडे थांबू नये. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्यांना कोरडा खोकला त्या गोळीमुळेही होऊ शकतो. तसे वाटल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.