पोळ्याला जायचं की दिवाळीला? पिणाऱ्या बापाच्या घरचा हिशोब

सुट्टी एकाच सणाची मिळते, गाव लांब, आणि घरी बाप पिणारा. असं ज्यांचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, शेती कोरडवाहू. बाबा रोज पितात, सणाला जरा जास्त. मी दोन्ही सण करून पाहिले आहेत.

पोळ्याची एक गोष्ट चांगली: बाबांना काम असतं. आदल्या दिवशी खांदशेकणी, म्हणजे बैलांचे खांदे शेकायचे, आणि त्यांना ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणायचं. पोळ्याच्या दिवशी बैल धुणं, शिंगं रंगवणं, झूल चढवणं. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू होईपर्यंत माणूस शुद्धीवर असतो आणि तेवढा वेळ तो मला माझा बाप वाटतो. पोळा फुटला, म्हणजे बैल तोरणाखालून सुटले, की मग उतरण. बैल घरोघर पूजेला फिरतात, बोजारा, म्हणजे बैल आणणाऱ्याला मिळणारे पैसे, हातात पडतो आणि तो रात्रीच संपतो. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी मटण आणि दारू अर्ध्या गावाची असते, त्यामुळे बाबांना ‘आज तरी नका’ म्हणणाराच वेडा ठरतो. म्हणून आम्ही करीच्या सकाळीच निघतो. यात लेकरांचा तान्हा पोळा बुडतो. मागच्या खेपेला पोरगी लाकडी बैल मांडीवर घेऊन एसटीत रडत बसली होती.

दिवाळी लांबलचक. सोयाबीनचे पैसे नुकतेच आलेले, हाताला काम कमी, संध्याकाळी पत्त्यांचा डाव. त्यात बहीण-जावई यायचे ते भाऊबीजेला, म्हणजे अगदी शेवटी, त्यामुळे मधूनच उठून निघताही येत नाही. जावयासमोर तमाशा नको म्हणून आई चार दिवस जीव मुठीत धरून वावरते. शंकरपाळे तळतानाही तिचा कान दाराकडे. लेकरं लहान असतील तर माझं मत पोळ्याच्या बाजूने आहे. भाऊबीज बहिणीच्या घरी जाऊनही करता येते.

मुक्काम कुठे करायचा, हा सणापेक्षाही मोठा प्रश्न. घरी उतरलं तर आईला बरं वाटतं, पण रात्री दहानंतरचं सगळं लेकरांच्या कानावर पडतं. आम्ही आता काकांच्या घरी झोपतो. पहिल्या वर्षी आई दुखावली, ‘लोक काय म्हणतीन’ झालं. लोकांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. हे ठरवाल तर बाबांना सकाळी सांगा, आदल्या आठवड्यात, फोनवर. संध्याकाळी सांगितलेली कोणतीच गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. रात्री वाद नाही, पैसे नाहीत, गाडीची किल्ली नाही. हात उगारला तर पोलिसांच्या मदतीचा ११२ लावायचा, त्यात लाज कसली.

आईलाच शहरात बोलावून घ्यावं, हा पर्याय कागदावर छान. ‘ढोरायले कोन पाहीन?’ या एका प्रश्नात तो संपतो.

कोरड्या जिल्ह्यात नेण्याचाही उपाय आम्ही केला. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, म्हणून बाबांना सणाला मामाकडे नेलं. दिवेलागणीपर्यंत त्यांना मिळाली होती, मामालाही माहीत नसलेल्या ठिकाणी.

दोन गोष्टी मात्र करूच नका. रोज पिणाऱ्याची दारू सणापुरती एकदम तोडणं हे पहिलं. हात थरथरणं, घाम, झोप उडणं इथून सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमातही जाऊ शकतो. यात जीव जातो. सोडवायचीच तर सणाच्या काही आठवडे आधी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा, गोळ्यांच्या आधाराने सोडवतात. दुसरं म्हणजे दारू सुटावी म्हणून भाजीत चोरून कालवायची पूड. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वरून दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो. ते औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली, पिणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं. बाबा दवाखान्यात यायला तयार नसतील तरी तुम्ही स्वतः १४४१६ वर, म्हणजे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, मराठीत बोलू शकता. व्यसनासाठी वेगळा नंबर १४४४६. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा बाबांबद्दल विचारायचं होतं, आणि अर्धा वेळ आईबद्दलच बोललो.

यंदा पोळ्याची रजा टाकली आहे. झोपायला काकांकडे, करीच्या सकाळची एसटी. परवा सकाळी सातला बाबांना फोन करून सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बैल धुवाले त येशीन नं?’