‘साहेब, हे पार्ट तुमच्या कार्बोरेटरमध्ये नव्हतेच’

जुन्या फियाट-पद्मिनीचा कार्बोरेटर कुणाकडे खोलायला देणार असाल, तर आधी हे वाचा. यात गंडवतात ते मुगाएवढ्या पार्टमध्ये.

आमच्या पद्मिनीला सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर आहे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. थ्रॉटलच्या (पेडलने उघडणाऱ्या झडपेच्या) शाफ्टला खेळ आला होता, गाडी हवा ओढायची, आयडलिंगला थांबत नव्हती. बुश बदलून ओव्हरहॉल करायला एका ‘विंटेज स्पेशालिस्ट’कडे दिला. मग त्याचा फोन. “साहेब, हा आधी कुणीतरी खोललाय. मेन जेट नाही, पंपातला छर्रा नाही, निडलखालचा वॉशर नाही.” (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पार्ट, छर्रा म्हणजे पेट्रोल मागे जाऊ न देणारी गोळी, निडल म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी सुई.) त्याच्या ओळखीच्या माणसाकडे जुना स्टॉक आहे म्हणाला, पण पैसे आधी. तिन्हींचे मिळून साडेसहा हजार, मजुरी वेगळी.

हे पटतंही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. टॅक्स्या होत्या तोवर हे पार्ट खपायचे म्हणून मिळायचे. आता ‘दुर्मीळ’ म्हटलं की वाटेल तो भाव.

गाडी आली. पेट्रोलचा भपका, प्लग काळेकुट्ट, आणि पेडल दाबलं की क्षणभर मेल्यासारखी होऊन गचका. कुर्ल्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझ्यासमोर वरचं झाकण काढलं. निडलखाली वॉशर नव्हताच. त्यामुळे निडल वर बसते, पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट ती उशिरा बंद करतो आणि वाटीतली पातळी चढते. छर्राही नव्हता, म्हणून पंपाने ढकललेलं पेट्रोल इंजिनाकडे न जाता परत वाटीत येत होतं.

जेट मात्र होता. ‘जुन्या स्टॉकमधला’, दोन हजारांचा. त्याच्या खाचेचा एक कोपरा तुटलेला होता. वडिलांच्या हातून कधीतरी रुंद स्क्रूड्रायव्हर सटकला होता. गाडी देण्याआधी काढलेल्या फोटोत तोच जेट, तोच तुटका कोपरा. माझाच जेट मलाच विकला होता!

मिस्त्रींनी भंगारातल्या कार्बोरेटरमधून छर्रा काढला, तांब्याचा वॉशर घातला. चहा पाजला तेवढ्यावर गडी खूश. मजुरी आग्रहाने द्यावी लागली.

तेव्हा झाकण आपल्यासमोर काढायला लावा. जेटवरचा नंबर वाचता येईल असा फोटो घ्या. तो नंबर म्हणजे भोकाचं माप, १२० म्हणजे १.२० मिमी. काही जण लहान जेट ड्रिलने मोठा करून देतात. तसल्याचं भोक आतून ओरखडलेलं दिसतं. आणि ‘नाही’ म्हणून सांगितलेला पार्ट नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

स्पेशालिस्टला फोटो पाठवला. “जुने जेट सगळे सारखेच दिसतात हो,” म्हणाला. तुटका कोपरा लाल गोल करून पाठवल्यावर ब्लॉक. पैसे भलत्याच नावाच्या यूपीआयवर घेतलेले, बिल मागितलं तेव्हा ‘देतो’ म्हणून टाळलेलं. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार टाकली आहे, दोन्ही फोटोंसकट.